चिंच घातलेली अंबाडी

खैरगव्हाण या गावात दोन वर्षांत अकरा बायकांची हाडे मोडली. त्यांतली एकही पडली नव्हती.

एकीची बरगडी खोकताना तडकली. एकीचे मांडीचे हाड चुलीपुढून उठताना मोडले. तिसरी नातवाला कडेवर घ्यायला वाकली, ती पुन्हा सरळ झालीच नाही. गावातल्या पुरुषांची हाडे मात्र धड होती, आणि म्हशींचीही.

म्हशींची खात्री शैलजा ठोंबरेने स्वतः करून घेतली होती. ती जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत धातूंचे विश्लेषण करी. माणूस सांगतो त्यापेक्षा माणसाची लघवी अधिक खरे सांगते, असे तिचे अनुभवाने बनलेले मत होते. अकरा जणींच्या लघवीत कॅडमियम निघाले, आणि तेही निरोगी माणसाच्या चाळीस पट. त्या अकरा जणींत कुंदा हे तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे नाव होते. हे काम दुसऱ्या कोणाला द्यावे, असे शैलजाने वरिष्ठांना सुचवले. ते यंत्र चालवू शकणारे दुसरे कोणी जिल्ह्यात नाही, असे उत्तर आले. निःपक्षपातीपणाचा प्रश्न असा मनुष्यबळाअभावी निकालात निघाला.

कॅडमियम गावात कसे आले, याबद्दल वाद नव्हता. गावाच्या उत्तरेला पूर्वी सोलर पॅनेलांच्या मोडीचा कारखाना होता. पहिल्या पिढीची पॅनेले म्हातारी झाली, तेव्हा त्यांचे ढीग कुठेतरी नेऊन टाकणे भाग होते. त्यांतल्या एका जातीच्या पॅनेलांवर कॅडमियम आणि टेल्युरियम यांचा पातळ थर असतो. टेल्युरियमला भाव होता. ते आम्लाने धुऊन काढीत. कॅडमियमला गिऱ्हाईक नव्हते. ते धुवणाच्या पाण्याबरोबर नाल्यात आणि नाल्यातून शेतांत गेले. पुढे कारखान्याचे मालक निघून गेले आणि सरकारने तीनशे एकर जमिनीला तारेचे कुंपण घातले. दहा वर्षे तिथे गवताखेरीज काही उगवले नाही. मग डॉ. श्रीनिवास मोहरील यांचे हेंप आले.

हेंप म्हणजे भांगेच्या कुळातली, पण नशा नसलेली औद्योगिक जात. तिच्या सालीपासून वाख, म्हणजे दोरांचा चिवट धागा, निघतो. वाख काढल्यावर उरलेल्या सणकाड्यांचा भुगा चुन्यात कालवला, की भिंतीचे हलके, थंड ठोकळे होतात. पाणी थोडे लागते, फवारणी जवळजवळ नाही, आणि पीक चार महिन्यांत माणसाच्या डोक्यावर जाते. या झाडाची मुळे जमिनीतले जड धातू ओढून घेतात, हेही जुनेच ज्ञान. अडचण एवढीच होती, की ओढलेला धातू बराचसा मुळांतच अडकून राही. मुळांच्या पेशींत धातू कोंडून ठेवणारे एक प्रथिन असते, एक प्रकारची झडप. मोहरीलांनी ते जनुक बदलून झडप उघडी ठेवली. आता धातू खोडातून वर चढे आणि पानांत जाऊन साचे. वाख आणि काड्या जवळजवळ कोऱ्या राहत. कापणीला पाने वेगळी काढायची, बंद भट्टीत जाळायची, राखेतून कॅडमियम परत मिळवायचे. जमीन स्वच्छ, वाख विकायला, काड्यांची घरे.

आणि हे सारे खरोखर तसेच घडत होते. मातीतले कॅडमियम सहा वर्षांत निम्म्यावर आले होते. विहिरी स्वच्छ होत्या. शैलजाने ठोकळ्यांची धूळ तपासली, भट्टीचा धूर तपासला, गव्हाचे पीठ, दूध आणि मातीची मडकीसुद्धा तपासली. कशातही काही सापडले नाही. ठोकळे कापणारे पुरुष दिवसभर धुळीत असत; त्यांना खोकला होता, पण हाडे शाबूत होती. जमिनीतून विष कमी होत होते आणि बायकांच्या अंगात वाढत होते.

मोहरीलांनी तिला प्रकल्पाच्या कार्यालयात चहा दिला. सत्तरीचे, बारीक अंगाचे, बोलण्यात घाई नसलेले गृहस्थ. शैलजाने एम.एस्सी.ला त्यांच्या हाताखाली एक सत्र काढले होते, आणि ते तिला अजून ‘ठोंबरे’ अशीच हाक मारीत.

“माझ्या पिकावर संशय आहे का, ठोंबरे?”

“सगळ्यांवरच आहे, सर. तुमच्यावर थोडा कमी.”

ते हसले. मग त्यांनी हिशेब मांडला. मातीतून जितके कॅडमियम कमी झाले, त्याचे नव्याण्णव टक्के भट्टीच्या राखेत मिळाले होते. पाने पोत्यांत शिवून, मोहोर लावून भट्टीकडे जात. एकही पोते कधी फुटले नव्हते. पीक चाऱ्यासाठी वापरू नये, अशी पाटी प्रत्येक बांधावर होती, आणि गावाने ती इतकी काटेकोरपणे पाळली होती, की एका गुराख्याला ग्रामसभेत माफी मागावी लागली होती. शैलजाने उरलेल्या एका टक्क्याचे विचारले. शेतातल्या मापनात एक टक्का चुकीच्या मर्यादेत बसतो, असे ते म्हणाले. तिच्या स्वतःच्या मापनात तो दोन टक्के असे.

दुपारी ती बहिणीकडे जेवायला गेली.

घर नव्या ठोकळ्यांचे होते; आत शिरताच उन्हाची धग मागे राहिली. कुंदा पुढच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसली होती. दोन बरगड्या आणि एक मनगट. ठोकळ्यांच्या कारखान्यातल्या आणि शेतातल्या बायकांची ती सहा वर्षे मुकादम होती. कुंपणाआडची जमीन पुन्हा कसायला घ्या म्हणून पहिल्यांदा ग्रामसभेत उठून बोलली होती तीच. आई लवकर गेली, तेव्हा शैलजाला जेवू घालणारीही तीच होती. आता तिचा आवाज तेवढा पूर्वीचा उरला होता.

“बस व, शैले. सहा वर्षांनी आली, त उभ्या उभ्याच तपासशील का मले?”

सहा वर्षे हा आकडा बरोबर होता. ती राहत होती ते नागपूर तिथून दोन तासांवर होते, हेही. कुंदा दर दिवाळीला गावाकडून येणाऱ्याच्या हाती फराळ पाठवी, बरोबर वाळवलेल्या भाजीची एक पुडी. फराळ संपे. पुडी फडताळात राही, कारण ती भाजी करायला वेळ लागतो आणि शैलजा एकटी राहत होती.

कुंदाच्या सुनेने, मंजिरीने, ताटे वाढली. तिला पाचवा महिना होता. रक्त कमी भरले म्हणून आरोग्यसेविकेने तिला हिरव्या पालेभाज्या दोन्ही वेळा खायला सांगितल्या होत्या, आणि कुंदा ते सासूच्या कडकपणाने अमलात आणत होती. ताटात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी होती, वर लसणीची फोडणी. शैलजाच्या तोंडाला तो वास येताच पाणी सुटले.

तिने पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली.

अंबाडीचा आंबटपणा जबड्याच्या कडांना धरतो. हा जिभेच्या टोकाला लागला आणि मागे गोडसर उरला. ही निराळ्या आम्लाची चव होती. माणसांच्या जिभेवर शैलजाचा फारसा विश्वास नसे. स्वतःच्या जिभेवर थोडा होता.

“मंजिरी, हिच्यात चिंच घातलीस?”

“घालावीच लागते, मावशी. आताच्या अंबाडीले आंबटपणा कुठं हाय?”

“हायब्रीड हाय थे,” कुंदा खाटेवरून म्हणाली. “टमाट्याले तरी कुठं चव राहिली? पहिल्या वर्षी कोनाले गोडच लागे ना. मीच सांगितलं बायांले, चिंच टाका म्हणून.”

“आणता कुठून ही?”

“कुंपणाआडच्या वावरातून. विरळणीची हाय.”

कुंदाने हे इतक्या सहज सांगितले, की त्यात काही सांगण्यासारखे आहे असे तिला वाटलेच नव्हते. पीक वीतभर झाले की दाट रोपे उपटून विरळ करायची. आणि उपटलेला कोवळा पाला विरळणी करणाऱ्या बाईने ओच्यात भरून घरी न्यायचा. करडईचा असो, मेथीचा असो वा अंबाडीचा, या मुलखात तो तिचाच असतो. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, मालक तिकडे पाहतही नाही. म्हणून कुंदा ते लपवत नव्हती आणि म्हणूनच ते कोणी विचारले नव्हते. शैलजाने गावात येऊन काय खाता हे बाकीच्या दहा जणींना विचारले होते. सगळ्यांनी सांगितले होते: भाकरी, डाळ, भाजी. कोणती भाजी, यावर बहुतेकींनी अंबाडी म्हटले होते, आणि शैलजाने मनातल्या मनात ती बालपणीची अंबाडी समजून पुढचा प्रश्न विचारला होता.

गावात सगळेजण ठोकळ्यांच्या कारखान्याला ‘अंबाडीचा कारखाना’ म्हणत. तिला ते टोपणनाव वाटले होते.

“मंजिरी, तो घास ठेव खाली.”

मंजिरीचा हात तोंडाशी थबकला. तिने सासूकडे पाहिले.

“शैले, पोटुशी पोरगी हाय थे. जेवत्या ताटावरून उठवतं का तिले?”

“ताई, ही अंबाडी नाही. ही भांग आहे.”

कुंदा हसू लागली, आणि हसता हसता तिने तडकलेल्या बरगडीवर हात दाबून धरला. “सहा वर्षं झाले खातो, बाप्पा,” ती म्हणाली, “मले त एक डाव चढली नाही.”

चढली असती तर बरे झाले असते, हे शैलजाला परतीच्या वाटेवर सुचले. नशा असती तर पहिल्याच दिवशी गावभर बोभाटा झाला असता. पण मोहरीलांनी नशेचे रसायन आधीच काढून टाकले होते. परवाना त्या अटीवरच मिळाला होता. जीव वाचवू शकला असता असा तो एकच गुण त्या झाडात होता, आणि तो कायद्याने वगळलेला होता.

उरलेली भाजी आणि विरळणीचा ताजा पाला तिने यंत्रात घातला. एका ताटातल्या भाजीत, माणसाने महिन्याभरात खाऊ नये इतके कॅडमियम होते. कोवळ्या पानांत ते मोठ्या पानांपेक्षाही दाट होते. रोप लहान, झडप उघडी, धातू जाणार कुठे? वजनाने विरळणीचा पाला एकूण पिकाच्या एक टक्काही नव्हता. मोहरीलांचा हरवलेला एक टक्का सापडला. तो बायकांच्या हाडांत होता.

पुरुष का वाचले, तेही मग उलगडले. भाजी त्यांनीही खाल्ली होती. पण आतड्यात लोह उचलून रक्तात नेणारे एक प्रथिन असते. रक्तात लोह कमी पडले, की शरीर या वाहकाची संख्या वाढवते. तो लोह आणि कॅडमियम यांत नीट फरक करू शकत नाही. दोन्हींचे रूप त्याला सारखेच वाटते. गावातल्या बायकांचे रक्त कमी होते, म्हणून त्यांची आतडी लोहाच्या शोधात होती, आणि लोह समजून त्यांनी कॅडमियम उचलले. ते मूत्रपिंडांत बसले. मूत्रपिंडे बिघडली, तेव्हा हाडांतला चुना लघवीतून वाहून गेला. अंगात शिरलेले कॅडमियम निम्मे बाहेर पडायलाही वीस-तीस वर्षे लागतात. ते लवकर काढणारे खात्रीचे औषध नाही.

त्या संध्याकाळी शैलजाने घरचे फडताळ उघडले. सहा पुड्या होत्या, एकही उघडलेली नाही. संपूर्ण तपासातले सर्वांत जुने नमुने तिच्याच स्वयंपाकघरात निघाले. तिने त्यांवर क्रमाने आकडे घातले आणि सकाळी यंत्राकडे नेले. पहिल्या वर्षाच्या पुडीतही कॅडमियम होते.

मोहरीलांनी निकालाचा कागद शेवटपर्यंत वाचला. नंतर म्हणाले, की भांगेचा पाला कोणी भाजी म्हणून शिजवील, हे त्यांच्या डोक्यातही आले नसते. म्हणून पाट्यांवर जनावरांचा उल्लेख होता, माणसांचा नव्हता.

“अंबाडी हे नाव कोणी दिलं, सर?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. आधीच्या तीन गावांनी नकार दिला होता. बायका-पोरी भांगेच्या शेतात जाणार नाहीत, असे तिथल्या ग्रामसभा म्हणाल्या. समजावून उपयोग झाला नाही. चौथे गाव खैरगव्हाण. माहितीपत्रक मराठीत करायचे होते. “कोशात हेंप या शब्दाला तीन प्रतिशब्द दिलेत. ताग, अंबाडी, भांग. इंग्रज वाखाच्या प्रत्येक झाडाला हेंप म्हणत, आपल्या अंबाडीलासुद्धा दख्खनचं हेंप म्हणत. पानही बरंचसं तसंच दिसतं. मी खोटं काही लिहिलं नाही, ठोंबरे. तिन्हींतला निरुपद्रवी शब्द निवडला.”

तिने विचारले, की फुले आली असती तर बायकांनी ओळखले नसते का? ओळखले असते, ते म्हणाले. अंबाडीला पिवळे फूल येते. पण वाखासाठी पीक फुलण्याआधीच कापतात.

जिल्ह्याच्या बैठकीत अहवालाचा मसुदा तयार होता. फक्त शैलजाची सही हवी होती. निष्कर्षाचे वाक्य असे: ‘स्थानिक महिलांनी अज्ञानापोटी अखाद्य औद्योगिक पिकाचे सेवन केले.’ वाक्य व्याकरणशुद्ध होते. प्रकल्प आणखी तीन जिल्ह्यांत जायचा होता, आणि अज्ञानावर उपाय म्हणून जनजागृतीची तरतूद करता येत होती. तिने मसुदा घरी नेण्याची परवानगी मागितली आणि तो घेऊन ती खैरगव्हाणला गेली.

तोवर गावाला कळले होते. कारखाना बंद होता. कुंदाच्या दारावरून जाणाऱ्या बायका मान वळवून जात होत्या. मंजिरीला तिच्या आईने माहेरी नेले होते. बाळाचे काय, यावर डॉक्टर काही ठाम सांगत नव्हते. कुंदाचे दोन दिवसांपूर्वी कुशीवर वळताना खुब्याचे हाड मोडले होते.

तिने मसुद्यातले ते वाक्य शैलजाला दोनदा वाचायला लावले.

“अज्ञान म्हणजे अडाणी ना?”

“हो.”

“लिही मंग. अडाणी लिही. अकरा जणी अडाणी म्हटल्या त कोना एकीचं नाव होत नाही.” मग ती म्हणाली, “चिंच टाकायची मी सांगितली, हे लिहू नको. चिंच नसती टाकली त बायांनी दोन दिवसांत सोडली असती थे भाजी.”

शैलजाला यावर वाद घालता आला असता. तिने तो घातला नाही, कारण विधान बरोबर होते.

“आन् तू एकदा जेवायले आली असती,” कुंदा छताकडे पाहत म्हणाली, “त तुले पहिल्याच घासाले समजलं असतं.”

तेही बरोबर होते. शैलजा खाटेच्या कडेला बसली. बहिणीचा हात हातात घ्यावा असे तिला वाटले. पण मनगट प्लास्टरमध्ये होते आणि बोटे सुजलेली. तिने चादर सारखी केली.

नागपूरला परतल्यावर ती मसुद्यापुढे बसली. कारण आणि हातभार या निराळ्या गोष्टी आहेत, हे ती प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवीत आली होती. चिंच हा हातभार होता. तिचे सहा वर्षे न जाणे हाही. बायकांच्या रक्तातली लोहाची तूट, जुना कोश, तीन गावांचा नकार, हे सगळे हातभार. यांतले एकेक वगळून पाहिले, तर आजार कमी झाला असता किंवा लवकर कळला असता. वगळल्यावर आजार झालाच नसता, अशी गोष्ट एकच होती. आणि अज्ञान तर कुठेच बसत नव्हते. चाऱ्यासाठी वापरू नये, हे त्यांना सांगितले होते. त्यांनी एकही पान जनावराच्या तोंडी जाऊ दिले नव्हते. सांगितलेले सगळे त्यांनी खरे मानले होते, नावासकट.

कुंदाचे नाव तिने अहवालात कुठेही घातले नाही. सही करू नये असा निरोप दोनदा आला. तिने छापील निष्कर्षावर रेघ मारली, खाली स्वतःच्या हाताने दुसरा लिहिला आणि सही केली. तो असा होता:

‘अकरा जणींच्या हाडांचे मोडणे हे कॅडमियमच्या विषबाधेमुळे. कॅडमियम विरळणीच्या पाल्याच्या भाजीतून आले. हा पाला भांगेच्या सुधारित जातीचा आहे. ती जात या गावाला अंबाडी या नावाने देण्यात आली. या गावात अंबाडी खातात.’